चाळिशीतला चेहरा

चित्रकाराने खोडरबर उचललं आणि मुलाच्या कपाळावरचे केस पुसायला सुरुवात केली.

"अहो, थांबा!" समोर बसलेले काका म्हणाले. "केस कशाला पुसताय?"

त्यांचा मुलगा विसाव्या वर्षी घरातून नाहीसा झाला, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. पोलिसांनी फाइल पुन्हा उघडली होती आणि आज तो कसा दिसत असेल, हे काढायचं काम चित्रकाराकडे आलं होतं. तरुण चेहरे म्हातारे करण्यात त्याची हयात गेली होती. टकलाच्या बाबतीत तर तो घरचाच अधिकारी. स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस उरला नव्हता.

"काका, हे रक्तातच असतं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आधी कपाळाचे दोन कोपरे मागे सरकतात. मग टाळू विरळ होते. पुढे दोन्ही एकमेकांना भेटतात आणि कानामागे तेवढी झालर उरते. एका दिवसात नाही होत हे. केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक उगवतात आणि शेवटी उगवायचेच थांबतात."

काकांशेजारी बसलेल्या मुलाच्या आईने, मावशींनी, पिशवीतून घरच्यांचे फोटो काढून टेबलावर मांडले. सासरे, दीर, वडील, भाऊ. एकजात गुळगुळीत.

"आमच्याकडे कंगवा फक्त बायकांसाठी आणतात," मावशी म्हणाल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "काढा तुम्ही. लोकांनी ओळखलं पाहिजे त्याला. माझे डोळे मिटायच्या आत एकदा दारात येऊन उभा राहिला ना, बास."

चित्रकाराला गलबलून आलं. त्याने गाल भरले, डोळ्यांखाली सुरकुत्या टाकल्या, टाळू मोकळी केली. मावशींनी कागदावरच्या टकलावरून हळूच हात फिरवला.

"अगं बाई! हुबेहूब माझा भाऊ!"

काका मान खाली घालून टेबलावरचे रबराचे कण बोटाने एकेक करून गोळा करत होते.

"हा तो नाही," ते म्हणाले. "केस परत काढा."

चित्रकाराला नवल वाटलं नाही. आईबापांना मूल गेलं त्या वयातच हवं असतं. एका बाईने तर त्याला दुधाचे दात तसेच ठेवायला लावले होते. पण काकांची सुरकुत्यांना हरकत नव्हती, गालांना नव्हती. त्यांचं अडलं होतं ते केसांवर.

"आज बरा पुळका आला केसांचा!" मावशी म्हणाल्या. "वाढवले म्हणून रोज भांडायचात त्याच्याशी. त्या दिवशी मी कामावर निघाले, तेव्हाही तुमचं तेच चाललं होतं."

"दाट. खांद्यापर्यंत," काका मावशींकडे न बघता म्हणाले. "काढा."

"काका, बेचाळिसाव्या वर्षी? आणि तुमच्या घराण्यात?" चित्रकार हसला. "पैज लावतो, एक केस राहिला नसेल."

काकांचा हात थांबला.

"सगळे आहेत," ते चिडून म्हणाले. "गेल्या वर्षी परसात टाकीसाठी खणलं, तेव्हा स्वतः पाहिलेत मी. हाडांखेरीज बाकी काही उरलं नव्हतं, पण केस होते तसेच होते."