डाव्या हाताची फेक

“बॉल उलटा फिरत आला,” अपूर्व कोचला म्हणाला. “हाताला लागला आणि निसटला.”

बर्मिंगहॅमच्या त्या मैदानावर टीम चिखलात गुडघा टेकून बसली होती. रविवारी युनिव्हर्सिटीची ही अमेरिकन फुटबॉलची टीम लीड्सकडून हरली होती, तीही शेवटच्या मिनिटाला अपूर्वच्या हातून सुटलेल्या एका बॉलमुळे. येत्या रविवारीही हरली तर २००६ चा सीझन तिथंच संपणार होता. त्या मॅचमध्ये क्वार्टरबॅक म्हणून, म्हणजे बॉल फेकायला, कोण उभं राहणार ते आज ठरायचं होतं. कुश की डॅन? डॅन उजव्या हातानं फेकायचा, कुश डाव्या.

कोच गॅरेथ एकेकाला विचारत होता. बॉल झेलणाऱ्यांची तक्रार एकच होती. डाव्या हातातून सुटलेला बॉल उलट्या बाजूनं फिरतो, बोटांना त्याची सवय नसते. धिप्पाड टॉमचं काम क्वार्टरबॅकची पाठ राखायचं. तो म्हणाला, “कुशची पाठ पडते दुसऱ्या बाजूला. मग मला जागा बदलावी लागते आणि तिथं माझे पाय गोंधळतात.”

कुशनं ऐकून घेतलं. यातलं काही नवीन नव्हतं आणि खोटंही नव्हतं.

अपूर्वचं म्हणणं मात्र तसं नव्हतं. तो पुण्याहून एमएस्सी करायला आलेला. हा खेळ त्याला कुशनंच शिकवला होता. लेक्चर संपलं की दोघं पार्कात जायचे, कुश फेकायचा आणि अंधार पडेपर्यंत अपूर्व झेलायचा. “तू माझे हात बिघडवून ठेवलेस रे,” अपूर्व हसत म्हणायचा. “आता सरळ फिरणारा बॉल आला की मीच बावचळतो.”

रविवारचा बॉल चांगला गेला होता. हातातून सुटला तेव्हाच कुशला ते कळलं होतं. मग त्याला दिसलं, लीड्सचा एक गडी अपूर्वच्या अंगावर धावून येतोय, आणि बॉल पोचायच्या आत अपूर्वनं मान फिरवली, खांदे आखडून घेतले. बॉल हाताला लागलाच नाही. छातीवर आपटून खाली पडला.

या खेळात बॉल सुटलेला चालतो, घाबरलेलं चालत नाही. मागच्या वर्षी गॅरेथनं एकाला तेवढ्यावरूनच टीममधून काढलं होतं.

“कुश?” गॅरेथ म्हणाला. “तुला काही सांगायचंय?”

अपूर्व बुटाच्या तळाचा चिखल बोटानं खरवडत होता. हा एकदा वर बघेल, असं कुशला वाटलं. त्यानं वाट पाहिली.

“नाही,” तो म्हणाला.

गॅरेथनं बॉल डॅनकडे टाकला.

पार्किंगकडे जाताना अपूर्व मागून पळत आला. “कुश, ऐक ना. मला काढलंच असतं यार त्यानं. तुला पुढच्या वर्षी पण खेळता येईल. माझं हे एकच वर्ष आहे.”

“मी काय बोललो का?”

“नाही, पण...”

“मग चल. आई थांबली आहे.”

कुशची आई मनीषा हॉस्पिटलची ड्यूटी संपवून परस्पर आली होती. “बसा रे पटकन. पाऊस बघा काय लागलाय! चिखलाचे बूट पिशवीत घाला आधी.” कुश पुढं बसला, अपूर्व मागं. गाडी रस्त्याला लागली. “काय ठरलं मग?”

“डॅन खेळणार,” कुश म्हणाला.

“अरे! का?”

“लेफ्ट हँड ना, आई. बॉल उलटा फिरतो. कोणाला पकडता येत नाही.”

“अपूर्वला पण?”

“कोणालाच.”

सिग्नल लाल झाला. मनीषानं गाडी थांबवली.

“तुझी आजी सांगत होती,” ती म्हणाली. “तू प्रसादाला डावा हात पुढं केलास, तेव्हाच म्हणाली, मनीषा, आत्ताच सवय मोड, पुढं पोराला जड जाईल. मी ऐकलं नाही. म्हटलं, राहू दे, इंग्लंडमध्ये कोण बघतंय. तू रडलास की मला बघवायचं नाही रे.” तिनं हातमोजा नाकावरून फिरवला. “माझ्यामुळं झालं हे.”

“तुझी काही चूक नाही, आई.”

“नाही कशी? लहानपणीच केलं असतं तर...”

मागच्या सीटवरून आवाज येईल म्हणून कुश थांबला. वायपर फिरत होते. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

“काकू,” अपूर्व म्हणाला, “मला इथंच सोडा.”

“इथं? अरे, घर लांब आहे तुझं. भिजशील.”

“चालत जातो.”

तिनं गाडी कडेला घेतली. अपूर्व उतरला तशी काच खाली करून तिनं त्याला हाक मारली आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपीठं त्याच्या हातात दिली.

“दोघांसाठी केली होती, पण तूच ने सगळी. आज याला जेवण जायचं नाही. आणि रविवारी आम्ही येतो हं, दोघंही, तुझी मॅच बघायला.”