तपासनीस गप्प का?

आमच्या अल्माटीच्या ऑफिसात कुणीही कोड लिहिला की एक टूल तो आपोआप तपासतं आणि चुका सगळ्यांदेखत लिहून दाखवतं. माझ्या तिन्ही प्रोजेक्टवर मात्र चालू असूनही ते एक अक्षर बोलेना. मी ते बंद करून पुन्हा चालू केलं, परवानग्या दोनदा तपासल्या, शेवटी टूलच्या कंपनीला खरमरीत तक्रार ठोकली. आतून मात्र गुदगुल्या होत होत्या. तीस वर्षांच्या अनुभवापुढे ते बिचारं तरी काय बोलणार!

कंपनीचं उत्तर आलं, "टूल ठणठणीत आहे. तुमच्याच ऑफिसातल्या कुणीतरी तुमचं नाव वगळायच्या यादीत टाकलंय."

मी टीमला फैलावर घेतलं. खरं तर पोरं गुणी, मला 'आगा' म्हणजे थोरला भाऊ म्हणतात. रोज माझ्या आधी तासभर येऊन कामाला लागलेली असतात, आणि हे माझ्या शिस्तीचं फळ, असं मी गावभर सांगत फिरतो.

टीममधल्या तोगजानने माझ्या पियाल्यात चहा ओतला, वडीलधाऱ्यांना ओततात तसा, घोटभरच; इथे पियाला जितका कमी भरलेला, तितका मान जास्त.

"रागावू नका, आगा. पहिल्याच दिवशी, तुम्ही घरी गेल्यावर, त्या टूलने तुमच्या एकेचाळीस चुका चारचौघांत काढल्या. आम्हाला बघवेना हो, त्या पुसून तुमचं नाव यादीत टाकलं. त्या मेल्याला कुठलं आलंय मोठ्यांचा मान ठेवायचं वळण!"

"अगं, मग माझ्या चुका निस्तरतं कोण?"



"आम्हीच की. नाहीतर रोज तासभर लवकर कशाला आलो असतो, आगा?"