पाटीवरचा हार

झेंडूचा हार नेमका 'बाई'वर यायला हवा होता. शरच्चंद्र कर्णिक स्टुलावर चढून तो पुन्हा पुन्हा सरकवत होते. पाटीवर 'लक्ष्मीबाई' असं रंगवलेलं. हाराखाली 'बाई' बुडाली की उरायची नुसती लक्ष्मी. विष्णूची, सरकारला चालणारी.

कर्जत स्टेशनामागच्या त्यांच्या विश्रामधामातली ही सगळ्यांत चांगली खोली. खादीवाले उतरले की हार निघायचा. मग कर्णिक झाशीच्या राणीवर बोलायचे आणि त्यांचे डोळे भरून यायचे. सरकारी अंमलदार उतरले की हार चढायचा, खाली उदबत्ती लागायची. डोळे तेव्हाही भरून यायचे, धुरानं.

बेचाळीसचा भाद्रपद होता. चळवळीतली पोरं डोंगरात पसार झाली होती. त्यांच्या मागावरचा फौजदार आज मुक्कामाला येणार होता.

खोली झाडायला पोशीरची सुंदरा होती. तिनं त्या खोलीचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. तिच्या वारलेल्या सासूचं तेच नाव. दळताना ती गायची,

सासूसुनंचा गं हात, एका जात्याच्या खुंट्याला
नाव तिचं मी बांधलं, माझ्या पदराच्या गाठीला

"शेण थापता थापता मेली ती म्हातारी," कर्णिक स्टुलावरून म्हणाले. "तिच्यापायी राणीचं नाव टाळतेस? कोण लागून गेली गं तुझी सासू?"

सुंदरानं केर जरा जोरात ओढला, इतकंच.

तेवढ्यात फौजदार शिपायाला घेऊन ओसरीवर आला. कर्णिक स्टुलावरून घसरतच उतरले.

"खोली झाली का गं?" त्यांनी सुंदराला विचारलं.

"झाली. त्यांची खोली झाडली."

बूट काढता काढता फौजदार थांबला. "त्यांची? कोणाची?"

"त्यांचं नाव नाय घेत आमी, सायेब."

"असं? कुठे असतात ते?"

सुंदरानं बोट वर केलं. फौजदारानं माथेरानच्या डोंगराकडं पाहिलं. मग शिपायाकडं. शिपाई दारात आडवा उभा राहिला.

"अगं, नाव घे ना!" कर्णिकांना घाम फुटला. "माझे आई, घे नाव!"

"मी नाय घ्यायची. पाटीवर हाय. तुमीच वाचा, सायेब."

फौजदारानं छडीच्या टोकानं हार उचलला. एकेक अक्षर सुटं करून वाचलं.

"लक्ष्मी… बाई. कुठली हो ही?"

कर्णिकांनी शिपायाच्या पट्ट्याला अडकवलेल्या बेड्यांकडं पाहिलं. मग सुंदराकडं. मग दोन्ही हात जोडले.

"आमच्या सुंदराबाईंच्या सासूबाई, साहेब. फार थोर बाई होत्या."

त्यांचे डोळे भरून आले. उदबत्ती अजून लावायची होती.