सेथची मोकळीक

फुटबॉल क्लबचे चेअरमन बिकरस्टाफसाहेब बग्गीतून उतरून थेट आमच्या स्वयंपाकघरात आले. मांडीवर घोंगडी घेऊन विस्तवापाशी बसलेल्या माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "सेथ, दोन वर्षं डोकं खात होतास ना माझं? घे. आजपासून तू मोकळा. हव्या त्या क्लबकडून खेळ."

दोन वर्षं! एकदा उलट बोलला म्हणून त्याला ना मैदानात उतरवलं, ना पगार दिला, ना दुसऱ्या क्लबकडे जायची परवानगी दिली. शेजारच्या गावचा क्लब न्यायला आला, तर हेच साहेब म्हणाले होते, "आमचा हिरा आहे तो. हिरा कुणी दुसऱ्याला देतं का?" मग आमचा हिरा पोटासाठी कोळशाच्या खाणीत उतरला.

सेथने मांडीवरची घोंगडी सारखी केली. मीच चहाचा कप साहेबांपुढे आदळला.

"उठून आभार मानले असते हो त्याने. पण खाणीचं छत अंगावर आलं, आणि डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्यापासून कापला."

साहेबांनी शांतपणे साखर ढवळली.

"कळलं मला, बाई. म्हणून तर लगेच आलो."