गीताबाईची जागा

आदिनाथ बॅटिंगला उतरला, तशी त्याची आई उठली आणि गोठ्यात गेली. जा असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

धारूरच्या डोंगराकडल्या त्या घरात हा नियम नऊ वर्षांपासून पक्का होता. पोरगा पहिल्यांदा भारताकडून खेळला, तेव्हा गीताबाई टीव्हीपुढे ओवाळणीचं ताट घेऊन बसली होती आणि तो दुसऱ्याच बॉलला आउट झाला. पुढच्या डावाला ती म्हशीची धार काढत होती, तर पठ्ठ्याने शतक ठोकलं. झालं, देवाला कौल लावायचंही काम उरलं नाही. तेव्हापासून तिने लेकाचा एकही डाव बघितला नव्हता. सिमेंटच्या जाहिरातीत तो पोत्याला टेकून हसायचा, तेवढं बघायची तिला मुभा होती.

आज मात्र तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. आदिनाथ चौतिशीला आला होता. दोनदा संघातून काढला, दोनदा परत घेतला. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातला हा शेवटचा डाव. यात रन झाले नाहीत तर त्याला पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे पेपरात आलं होतं आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे आज नाही बघितला, तर कधीच नाही. आपला लेक बॅट धरून उभा कसा राहतो, हे आईला एकदा डोळे भरून बघायचं होतं.

ती गोठ्यातून उठली आणि अंगण ओलांडून दारापाशी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सगळे चिडीचूप, म्हणजे बॉल त्यालाच पडत होता. एवढं तिला आता आवाजावरून कळायचं. तिने कडीला हात घातला.

परवाच आदिनाथ फोनवर म्हणाला होता, "माय, गोठ्यातच बस बरं का." हसत म्हणाला होता, पण म्हणाला होता.

तिने हात काढून घेतला आणि परत म्हशीपाशी जाऊन बसली.

थोड्या वेळाने घरातून 'अर्रर्र' असा आवाज आला. मग टीव्हीही बंद झाला. गीताबाईने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती तशीच बसून राहिली.

घरात आता खापर फोडायला डोकं शोधणं सुरू झालं. ते तिच्या दिराचं, अर्जुनरावांचं निघालं. पुतण्या खेळत असला की अर्जुनरावांनी बाजेवर एक पाय दुमडून बसायचं, हेही ठरलेलं होतं.

"तात्या, पाय कावून हालवला तुमी?" शेजारचा उत्तरेश्वर उखडला.

"आरं, मुंग्या आलत्या पायाला!"

"मुंग्या! तिकडं पोराचं वाटोळं झालं, आन् ह्यांला मुंग्या!"

सत्तरीचा माणूस, आपल्याच पायाकडे बघत बसला. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाला.

खेळ संपेपर्यंत खेळाडूंना फोन मिळत नाही. त्यामुळे आदिनाथचा फोन आला तो दुपारी. गीताबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. थोरली सून सत्यशीला हिने फोन स्पीकरवर लावून तिच्यापुढे धरला.

"माय."

"बोल लेकरा."

त्याचा आवाज पार बसलेला होता. "समदं नीट चाललं व्हतं गं. नजर बसली व्हती. कसा गेलो, माझं मलाच कळंना."

"जाऊ दे आता."

"न्हाई माय, खरं सांग. तू टीव्हीपुढं आलतीस का?"

सत्यशीलाने बोलायला तोंड उघडलं. गीताबाईने पिठाचा हात तसाच तिच्या तोंडावर ठेवला.

लेकाला कारण हवं होतं. स्वतःला सोडून दुसरं कुठलंही. आईचा जीव तुटला.

"आलते रे," ती म्हणाली. "ऱ्हावलं न्हाई. दाराच्या फटीतून बघितलं मी."

पलीकडे मोठा श्वास सुटला.

"तरीच," आदिनाथ म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला होता. "तरीच म्हणलं. बरं माय, ठेवतो."

"बघा!" बाहेरच्या खोलीतून अर्जुनराव ओरडले. "आन् त्यो उत्तरेश्वर मला बोलत व्हता! आवं वैनी, इतकी वर्सं दम धरला, आजच काय झालं व्हतं तुमाला?" मग त्यांनी पाय लांब करून ताट वाढायला सांगितलं.

गीताबाईने भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. दीर जेवायला बसल्यावर तिने सुनेला जवळ ओढलं आणि तिच्या तोंडाला लागलेलं पीठ पदराने पुसलं.

"सत्यशीला, कसा आउट झाला गं त्यो?" तिने हळूच विचारलं. "मला नीट सांगून ठेव. आता घरीच ऱ्हाईल त्यो. कदी इचारलं, तर सांगता आलं पायजे."