डॉरीन आजींचं मत

लस घेतली नाही म्हणून कुणाला नोकरी नाकारू नये, असा कायदा करावा का, यावर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मतदान होणार होतं. चुरस एवढी की एकेक मत मोलाचं. आणि एकट्या राहणाऱ्या डॉरीन आजींचं काही केल्या ठरत नव्हतं.

कायद्याच्या बाजूचा क्लेटन त्यांना पटवायला यायचा आणि जाताना दारातला बर्फ उपसून द्यायचा. विरोधातली ब्रिया यायची, ती सरपण रचून जायची. आजी दोघांचंही मन लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पटतंय तुझं. उद्या पुन्हा एकदा सांग."

मतदानाच्या सकाळी दोघंही गाड्या घेऊन दारात हजर. क्लेटन म्हणाला, "आजी, आता तरी सांगा. बाजूने की विरोधात?"



"मला इथे मत नाही रे पोरांनो, मी कॅनडाचीच नागरिक. पण तुम्ही दोघं बोलता फार छान."