व्हीलचेअरच्या मुठी

चाकावरचा सेन्सर सांगत होता, खुर्ची दिवसभर फिरली. लेकीच्या मनगटावरचा पट्टा सांगत होता, हात मांडीवरून हललेच नाहीत. फिजिओथेरपिस्ट बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मग ढकललं कोणी, भुतानं?” लेकीने मान वळवली. मागे उभा बाप पुटपुटला, “चढ होता गं. तुझे खांदे दुखतात.” “दुखू देत, बाबा. एकटीला खुर्ची चालवता आली तरच शाळेत परत शिकवायला जाता येईल. वर्गातही येणार का मागेमागे?” ती बाईंना म्हणाली, “या ढकलायच्या मुठी काढून टाका.” बाईंनी बोल्ट सोडवून मुठी बापाच्या कोटाच्या खिशात टाकल्या. बाहेर तोच चढ. मध्यावर खुर्ची थबकली, वीतभर मागे घसरली. बापाचे हात पुढे झेपावले; धरायला काही नव्हतं. दातओठ खात तिने चाकं रेटली. खिशातल्या मुठी घट्ट आवळून तो मागोमाग चढू लागला.